सात किलोंच्या आत

तीन आठवडे टोस्ट बंद, साय बंद,
तेव्हा कुठे दौलतगंजात ओमप्रकाशच्या काट्यावर
गजक सहा किलो शंभर भरला.
"पिशवीचे आठशे धरा. बैठ जाएगा, वहिनी,"
तो म्हणाला, आणि सवयीनं काट्यावर फुंकर मारून
पुढच्या गिऱ्हाइकाची तूरडाळ ओतली.

विमानतळाच्या काट्याची कुणाशी ओळख नव्हती.
सात दोनशे.
काउंटरवरची मुलगी नवखी,
गळ्यातला रुमाल पुन्हा पुन्हा सारखा करणारी.
"मॅम, दो सौ ग्राम."
मागे रांग खाकरली.

पिशवीत कुत्र्याखेरीज एकच वस्तू,
त्याच्या अंगाखाली घडी केलेला
यांचा बिनबाह्यांचा स्वेटर,
नॅरोगेजवरच्या रात्रपाळीचा.
त्या गाडीत शेळ्या चढायच्या, कोंबड्या चढायच्या,
टपावर अख्खं वऱ्हाड बसायचं.
कुणी कुणाला तोललं नाही.

मी स्वेटर ओढून काढला,
केसांसकट, वासासकट
साडीवरून चढवला.
सहा नऊशे साठ.
"हो गया," मुलगी हसली.

माझं वजन कुणी विचारलंच नाही.

तपासणीला त्याला कडेवर घ्यावं लागलं.
जवानानं विचारलं, "नाम?"
"गजक."
"मुरैना की?"
"नहीं भैया, पड़ाव के नाले की."
त्याचा चेहरा तसाच कडक,
पण शिक्का मारताना त्यानं
गजकच्या कानामागे एक बोट फिरवलं.

मग कोहरा. अडीच तास.
लेक फोनवर म्हणते, आई, मराठीत धुकं म्हणतात.
म्हणत असतील.
लष्करात जन्म गेला, मी कोहराच पाहिला.

पुढच्या सीटखाली ठेवा. झिप उघडू नका.
विमान धावायला लागलं तसे
जाळीमागे दोन डोळे.
मला वाटलं, माझ्याकडे बघतोय.
तो स्वेटरकडे बघत होता.

आणि एकदम ऊन.
खाली किल्ला असेल, बाडा असेल,
उखडलेल्या रुळांवर लावलेले ठेले असतील.
दिसत काहीच नव्हतं,
सगळ्या शहरावर जाड, पांढरी साय.
वाकून म्हटलं, गजक, ऊठ,
बघ किती.
तो घोरत होता.

बंगळुरूला दारातच लेक म्हणाली,
अगं, काढ की तो स्वेटर,
इथं कुठे थंडी आहे?

ठाऊक होतं मला.