जबाबात न मावलेलं

विहिरीवरची मोटर चोरीला गेली त्या साली
पंचायतीच्या चौकशीत मी लेखनिक होतो.
शाळेतलं टेबल, खुर्च्या दोन,
लाइन असली की फिरणारा पंखा.
विहिरीच्या अगदी तोंडावर घर पंचफुला नैतामचं.
साहेबांनी विचारलं, रात्री कोण आलं होतं?
तिनं खांदे उडवले.

"लिहा," साहेब म्हणाले.

काय लिहू?
उडवले म्हणतात, पण उडत काहीच नाही.
बसल्या जागी पाखरू अंग झाडतं, तेवढंच.
दोन बोटं वर, मग पुन्हा ठिकाणावर.
खांदा म्हटलं की आमच्या गावाला दोनच गोष्टी ठाऊक:
मेलेल्या माणसाला द्यायचा तो,
आणि बैलाचा, जुवानं सुजलेला,
पोळ्याच्या आदल्या सांजेला हळद-तुपानं शेकायचा,
त्याच्या कानाशी म्हणायचं,
आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.
माणसाचा खांदा बोलतो
ते कुठल्या रकान्यात टाकायचं?

गोमा कोतवाल उडवतो ते "मले काय मालूम बाप्पा."
पोट्टे उडवतात ते "मंग?"
सरपंचांचा एकच हलतो, तोही उपरणं सरकल्यासारखा.
पंचफुलाचे दोन्ही गेले वर
आणि खाली यायला जरासा उशीर झाला.

त्या उशिरात होतं सगळं.
दिवे बंद करून आलेलं ट्रॅक्टर,
साखळीचा आवाज,
आणि ज्याच्या वावरात उद्या निंदाले जायचं
त्याचं नाव.

मी लिहिलं: माहीत नाही असे सांगते.
"सांगते" हे साफ खोटं होतं.
अंगठा तिनं नीट दाबला,
शाई कुडाच्या भिंतीला पुसावी तशी
टेबलाच्या कडेला पुसली.
जाता जाता म्हणाली,
"लिवलं का बाबू, जे लिवाचं होतं ते?"

आता माझा उजवा खांदा धरलाय.
वर्ध्याची डॉक्टरीण म्हणते, वर न्या आजोबा, अजून थोडा.
तो येत नाही.
नात विचारते, मग मोटर कोणी नेली होती?
मी उडवतो.
डावा तेवढा जातो वर,
उजवा तसाच, कागदावर ठेवलेल्या वजनासारखा.
ती खदखदून हसते,
म्हणते, आबा, परत एकदा करून दाखवा.