पक्का रंग

अम्मा सांगायची, माझं पहिलं लंगोट
दोरीवर वाळेपर्यंत शाईसारखं झालं.
सोडा लावला, तर आणखी काळं.
साखर पेठेत साबणवाल्याशी भांडून आली,
रात्री नान्नांशी :
"रंगखात्यातले हात घेऊन लेकराला उचलू नका."
नान्ना हात धुऊन यायचे, आधी रॉकेलनं, मग लिंबानं.
लंगोट काळंच.

अम्मा म्हणजे नान्नांच्या सख्ख्या बहिणीची लेक.
आमच्यात चालतं. सोनं
या पेटीतून त्या पेटीत, एवढाच प्रवास.
त्याच पेट्यांतून हेही आलं,
दोघांकडून एकेक धागा.
मला कळायला सेहेचाळीस वर्षं लागली.

तोवर अक्कलकोट रोडला चादरींचे रंग कालवत होतो.
कानांची कड निळसर झाली : रंग उडाला असेल.
डोळ्याच्या पांढऱ्यात राखेचा ठिपका : धूर गेला असेल.
बालामणी दर दिवाळीला माझे सदरे खालून दुमडायची,
विड्या वळून दुखऱ्या झालेल्या बोटांनी.
"कापड वाढतंय का हो तुमचं?"
मणक्यांमधल्या गाद्यांचा चुना झाला होता,
मी बसत चाललो होतो, ओल धरलेल्या भिंतीसारखा.

गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठीत सुईच शिरेना.
शेवटी पूर्ण भूल दिली.
नंतर डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला.
म्हणाले, डाळीतलं, दुधातलं काहीतरी तोडायची कात्री
तुमच्या अंगात घडलीच नाही.
न तुटलेलं ते सांध्यासांध्यात मुरत गेलं.
ही कूर्चा पांढरी असते, नारळाच्या खोबऱ्यासारखी.
बघा, किती काळी.

मी बघितलं. तीस वर्षांचा रंगारी मी.
म्हटलं, काळा नाही हा, साहेब.
निळीवर तपकिरी चढवली की असा येतो.
किती दिवसांचा?
"जन्मापासूनचा."
मग पक्का आहे.

मुलगी नात्याबाहेर दिली.
तिच्यात एक धागा असणारच, म्हणाले,
एकानं काही होत नाही.

परवा बाळंत झाली.
बालामणी लंगोटं धुवायला निघाली, तिला थांबवलं.
एक तसंच दोरीवर टाकायला लावलं, उन्हात,
आणि नवा गुडघा सरळ करून खुर्चीत बसून राहिलो.
शेजारचा माग खडखडत होता.
बारा वाजले. तीन.
पिवळा डाग. पिवळाच.
"वास सुटलाय," बालामणी म्हणाली, "उचलू का आता?"

थांब जरा.
अजून ऊन आहे.