हातचा एक

टाम्पेरेच्या धबधब्याकाठी जुन्या कापडगिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आम्ही एकेचाळीस जण बसतो.
भिंती काढून टाकल्यात.
भिंतींनी माणसं तुटतात, असं आर्किटेक्टचं म्हणणं.
तो स्वतः घरून काम करतो.

मी पुलांचे हिशोब तपासते. लाकडी, पायी जाणाऱ्यांचे.
बर्फाचं ओझं, वाऱ्याचा रेटा,
एका वेळी किती जण एकाच कठड्याला टेकून
सूर्य बुडताना बघतील.
कॉम्प्युटर करतोच, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही,
म्हणून कागदावर पुन्हा.
सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा

"...डॉक्टर म्हणाले, वजन अजून उतरतंय..."

हातचा गेला.

ओस्मोचा कुत्रा मी कधी पाहिलेला नाही,
तरी त्याच्या यकृताबद्दल मला जेवढं ठाऊक आहे
तेवढं सख्ख्या भावाबद्दल नाही.
आम्ही फिनिश लोक कमी बोलतो म्हणे. कमीच बोलतो,
पण सगळं माझ्या टेबलाच्या टप्प्यात.
हेडफोन लावावेत तर कुणीतरी खांद्यावर टकटक करून विचारतं,
त्रास तर होत नाही ना आमचा?

मार्चमध्ये निवृत्त कामगारांची एक बस आली,
हॉल बघायला. लेम्पी कान्कानपा, वय शहाऐंशी,
थेट माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली.
"इथे माझे चार माग होते!"
बहिऱ्या माणसाच्या आवाजात. एकेचाळीस माना वळल्या.
मी कागद शोधू लागले. ती म्हणाली, नुसतं बोल,
मी ओठ वाचते, आम्ही सगळ्याच वाचायचो.

एवढ्या खडखडाटात लक्ष कसं लागायचं?

"अगं, त्या आवाजात शब्द नव्हते.
धागा तुटला की आधी बोटांना कळायचं.
बाकीचा दिवस माझा.
मनातल्या मनात अख्खी पत्रं लिहिलीत मी इथे,
स्वल्पविरामांसकट."

मग तिने हॉलभर नजर फिरवली
आणि खिडकीकडे बोट केलं,
चाळीस पावलांवर फोन कानाला धरून ओस्मो उभा होता,
पुटपुटत.
"त्याचं कोण गेलं? कुत्रा का?"

त्या दिवशी सकाळपासून मला ओस्मो ऐकूच आला नव्हता.
तीन पानं झाली होती.
मी खूश होते.

आता अवघड हिशोब मी तळघरात नेते,
पाणी जिथे टर्बाईन फिरवतं तिथे, पालथ्या खोक्यावर बसून.
एकसुरी घरघर, तिला सांगायचं काही नाही.
हातचा हातातच राहतो.

पण त्या दुपारी मी वरच होते.
ओस्मोच्या खांद्यावर टकटक केलं, नाव विचारलं कुत्र्याचं.
ते तेवढं त्याने कधी फोनवर घेतलं नव्हतं.
वीस मिनिटं बोलला तो, चांगला मोठ्याने.
कागदावर सात आणि आठ
एकाखाली एक उभे होते,
खाली रेघ मारलेली.