शेवटचा ट्रे

मकरपुऱ्यात काचेच्या आत जाताना टिकली काढायची,
बांगड्याही.
लॉकरमध्ये फोन थरथरला की त्या किणकिणतात म्हणे,
झाडूवाल्या कांताबेननं ऐकलंय.

भिंगाखाली स्टेंट. केसाएवढी तार,
एखादी वाकडी दिसली की बाजूला.
"शिर्केबेन, शेवटचा ट्रे," पारीखसाहेब म्हणतात.
शेवटचा ट्रे कधी एकटा येत नाही.

"कुटुंबाला वेळ द्या" – कंपनीचा मेल,
रात्री अकरा सदतीसला.

दांडिया बाजारात आप्पा ताट झाकून जागे.
सदऱ्याच्या खिशावर बोट ठेवून विचारतात,
"यातली जाळी तुझ्याच हातची असेल का गं?"

त्यांच्या कार्डावर लॉट नंबर आहे.
मी अजून ताडून पाहिलेला नाही.
अँजिओप्लास्टी झाली त्या दुपारी
मी चौथ्या शेवटच्या ट्रेवर होते.