नऊ रुपये चाळीस पैसे

काचेवर आकडा होता आठ लाख एक्क्याण्णव हजार,
आणि त्याच्या पायाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: एक्स-शोरूम.
सातपूरला वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेल्या बाईला
बारीक अक्षरं आधी दिसतात,
मोठी नंतर.

"आणि ऑन-रोड?" हेमकांतनं विचारलं.
तन्मय बोरस्ते, टायची सवय नसलेला पोरगा,
त्यानं कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला.
दहा लाख अडुसष्ट हजार.
"ऑन-रोड म्हणजे रस्त्यावर आणणारी,"
पायऱ्या उतरताना हेमकांत म्हणाला.
हसलो.
मुंबई नाक्याच्या सिग्नलला मात्र दोघंही गप्प होतो.

पाथर्डी फाट्याला दुसरं शोरूम.
तीच गाडी, तोच राखाडी रंग, तीच चार चाकं.
चोपन्न हजारांनी कमी.

रात्री दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी,
उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी,
आणि मी पेन्सिलीनं ओळीला ओळ लावत बसले,
कारखान्यात ड्रॉइंगला माप लावतात तशी.
आरटीओ: रुपयाला रुपया जुळला. सरकार दोन्हीकडे एकच.
विमा: इथे बेचाळीस हजार, तिथे एकतीस.
(कँटीनमधल्या सुलभाच्या दिराला फोन केला,
तो म्हणाला, एकोणतीसला देतो, वहिनी.)
हँडलिंग: साडेसहा हजार, फक्त एका कागदावर.
कोणी हाताळलं, कशाला, ते लिहिलेलं नव्हतं.
किट: साडेबारा हजार, तेही एकाच कागदावर.
मॅट, मड-फ्लॅप, एक कव्हर, जे आम्ही कधीच घालणार नव्हतो,
आणि डॅशबोर्डवरचा गणपती, तो मात्र फुकट.

सगळं वजा करूनही
चोवीस हजार उरत होते,
कुठल्याच ओळीत बसत नव्हते.
हेमकांत झोपला. मला झोप येईना.
बेरीज चुकली तर चालतं,
बरोबर असून जुळली नाही तर नाही चालत.

सुट्टीच्या शनिवारी परत पाथर्डी फाटा.
"कागद नको, गाडी दाखवा," म्हटलं.
मागच्या यार्डात, धुळीत उभी होती,
टपावर कबुतरांनी आपला शिक्का मारलेला.
दार उघडलं, खांबावरची पट्टी वाचली.
महिना: नोव्हेंबर. वर्ष: मागचं.
आणि जुलै चालला होता.
"जुनी नाही मॅडम, स्टॉक आहे फक्त,"
पोरगी म्हणाली, आणि तिलाच ते पटलं नाही.

नोव्हेंबर.
दिवाळीनंतरची रात्रपाळी, अर्धी माणसं गावाला,
बेचाळीसशे बुशांचा लॉट
चाळीस मायक्रॉननी सैल आलेला.
मी लाल चिठ्ठी लावली होती.
सकाळी तीच चिठ्ठी हिरवी होऊन परत आली:
डेव्हिएशन मंजूर. कार्यावर परिणाम नाही.
खरंच नाही. सीट सरकते, अडकते, जागच्या जागी राहते.
फक्त खडबडीत रस्त्यावर
बोलते थोडी.

मी वाकून सीटखाली हात घातला.
"काही पडलं का, मॅडम?"
रेलच्या टोकाशी, करंगळीच्या पेराएवढी,
बोटांना ओळखीची.
आमची कंपनी ती नऊ रुपये चाळीस पैशांना विकते.
सीट हलवून पाहिली. एकदा. पुन्हा एकदा.
हेमकांत बाहेर उभा राहून माझ्याकडे पाहत होता,
बायको देवळात फार वेळ लावते तेव्हा पाहतो तसा.

गाडी तीच घेतली. विमा सुलभाच्या दिराकडून.
गणपती त्यांनी दिला, आम्ही नाही म्हटलं नाही.

आता गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवर
रोज, न चुकता: खुट्.
"काय वाजतंय गं? दाखवून आणू का?"
राहू दे म्हणते.
या अख्ख्या गाडीत
तेवढ्याच एका गोष्टीची किंमत
मला कोणाला विचारावी लागली नव्हती.