एक मात्रा रिकामी

टाम्पेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं.
दिवा लावला आणि फॉर्म उलगडला.
रकाने तीन : शब्द, चाल, टक्के.
खाली बारीक अक्षरांत, बेरीज शंभरच भरली पाहिजे.

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच
या गाण्याचा सातबारा निघत होता.
कुठल्याशा कॉफीच्या जाहिरातीला ते हवं झालं होतं,
आणि पैसे यायचे म्हटलं की गाण्याला बाप फुटतात.

आउलिस म्हणाला, शब्द माझे. पन्नास.
होतेच त्याचे.
नापास झाला त्या वर्षी बसच्या तिकिटांवर लिहिलेले.
दुसऱ्या कडव्यातली एक ओळ त्याच्या बहिणीच्या पत्रातली,
पण ते आपल्याला ठाऊक नाही
असं आम्ही सगळ्यांनी कधीचंच ठरवून टाकलेलं.

पेन्ती म्हणाला, गिटार काढा बघू त्यातून,
उरतं काय?
आणि टेबलावरच बोटं वाजवून दाखवली.
साखरेचं भांडं थरथरलं.
खरंच, फारसं काही उरत नव्हतं. अडतीस.

मी बेस. माझे चारच सूर.
तेही माझे म्हणावेत, तर तळघरातल्या रेडिएटरचे.
गरम पाणी सुटलं की तो तसाच ठोकायचा,
दोन लांब, दोन तुटक.
मी त्याच्या मागोमाग गेले, इतकंच.
रेडिएटरला टक्के देता येत नाहीत.
मी बारा मागितले.

झाले शंभर.

ड्रमवाल्याला चालीचे पैसे नसतात, आउलिस म्हणाला,
जगभर असंच चालतं.
मीही मान हलवली असती,
पण ओस्मोच्या खुर्चीत त्याची मुलगी बसली होती, हेल्का,
कोटाखाली नर्सचा गणवेश, रात्रपाळीला जायचं होतं तिला.
म्हणाली, बाबा म्हणायचे,
ते थांबणं माझं आहे.

थांबणं.
तिसऱ्या कडव्यानंतर, सगळं ऐन भरात असताना
गाणं एक मात्रा रिकामी सोडतं,
आणि त्या पोकळीत अख्खं मैदान ओरडतं.
सेइनायोकीत ओरडलं, पोरीत,
एकदा तर तुरुंगातल्या कार्यक्रमात,
पहारेकऱ्यांसकट.
लोक शब्द विसरतात. गिटार विसरतात.
ती जागा विसरत नाहीत.

अगं, स्टिक निसटली होती त्याच्या हातून! आउलिस हसला.
टेप चालू होती. अपघात तो.
अपघाताची नोंद पोलिसांत होते, गाण्यात नाही.

हेल्काने त्याच्याकडे पाहिलं नाही.
माझ्याकडे पाहिलं.

स्टिक निसटली हे खरं.
पण दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी आला
आणि जॅकेटही न काढता
ते न वाजवणं वाजवत बसला.
हात वर, आणि नाही.
हात वर, आणि नाही.
मी दारात उभी होते, बुटांवरचा बर्फ वितळून
पायाशी थारोळं होईपर्यंत.
निसटायला काय, कुणाचीही निसटते.
पुन्हा तिथेच, तेवढंच थांबायचं
तर हाताला घट्टे पडतात.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
मुलाखतीत त्या जागेबद्दल विचारलं की मी म्हणायचे,
ते आम्हा सगळ्यांनाच सुचलं,
आणि ओस्मो शेजारी बसून
बाटलीचं लेबल नखाने सोलत राहायचा.

आता सांगितलं. भराभर, फॉर्मकडे बघत,
उशिरा भरलेल्या बिलासारखं.
माझे बारा खोडले, त्याच्या नावापुढे लिहिले.
पेन्ती म्हणाला, आणि तुला?
मी म्हटलं, कॉफी आहे का अजून?

आउलिस बराच वेळ गप्प होता.
मग त्याने पेन ओढून घेतलं,
पन्नासाचे सेहेचाळीस केले
आणि टोपण लावून टाकलं.

पाचच्या ट्रामसाठी हेल्का उठली.
टेबलावर फॉर्म तसाच, बेरीज शहाण्णव.
त्या चारांबद्दल
कुणीच काही विचारलं नाही.