रकाना सातवा

अशोक चौकातल्या आमच्या शाखेत,
काउंटर नंबर तीनवर,
एकवीस वर्षं मी लोकांची वाक्यं पूर्ण करतोय.
कुणी 'माझं ते…' म्हणालं की मी 'पासबुक'.
'काल तुमचं ते…' म्हणालं की 'सर्व्हर बंद होता'.
रांग पुढे सरकते. मॅनेजर खूश.
मलाही वाटायचं,
कुणाला शब्दासाठी ताटकळू न देणं
ही माणुसकीच की.

एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
भूदेवी इरय्या गुंडला आली.
नखांत तंबाखू, पिशवीत पत्ता कापायची कात्री.
फॉर्म सगळा भरून झालेला. राहिलं होतं एवढंच:
तुमच्या मागे पैसे कुणाला?

ती गप्प.
मी म्हणालो, मालक?
गप्प.
थोरला? धाकटा?
मागून कुणीतरी, 'आज्जी, आटपा की, जेवायची सुट्टी होईल.'
मला वाटलं ऐकू येत नसेल,
म्हणून ओरडून विचारलं.
मग वाटलं मराठी कळत नसेल,
म्हणून माझ्या मोडक्या तेलुगूत.
तिनं बघितलं माझ्याकडे,
कामात लुडबुडणाऱ्या पोराकडे
हात न थांबवता बघावं, तसं.
आणि हात खरंच थांबले नव्हते.
अंगठा आणि पहिलं बोट
हवेत काहीतरी वळत होतं.

'थांबा की सायेब,' म्हणाली,
'पत्ता भिजू द्या.
कोरडा वळला की फाटतोय.'
आणि जाऊन बाकावर बसली.

त्यानंतर चाळीसेक माणसं झाली.
चाळीसही जणांना मी त्यांच्या आधी बोललो.
पण नजर बाकाकडे.
गप्प माणूस म्हणजे
लाइट गेलेला कारखाना, असं मी धरून चाललो होतो.
मी! ज्याचे वडील चादरीच्या मागावर बत्तीस वर्षं होते,
ज्यानं डबा घेऊन जाताना शंभरदा बघितलंय
की माग थांबतो तेव्हाच
तुटलेली तार सापडते,
आणि त्या वेळी वडिलांशी बोललेलं
वडिलांना चालायचं नाही.

पावणेतीनला ती उठली.
खिडकीशी येऊन म्हणाली, 'सविता.'
कोण सविता, मी विचारलं नाही.
तेवढं कसं काय जमलं, कुणास ठाऊक.
जरा वेळानं तिनंच सांगितलं,
'थोरल्यानं टाकलेली. त्यो पुण्याला दुसरी करून बसलाय.
ही आमच्यातच हाय.'

रकाना सातवा: नातं.
पेन टेकवलं होतं मी. दोन अक्षरं, सून.
ती पुन्हा गप्प.
रांगेतला एकजण चुकचुकला.
मी त्याच्याकडे असं बघितलं
की तो मोबाइल काढून बसला.

'लिवा,' म्हणाली,
'एका सुपात वळतो आम्ही.'

ते रकान्यात बसत नव्हतं.
संगणकाच्या यादीत तर नव्हतंच.
तिला विचारून मी सूनच लिहिलं.
वाचता येत नव्हतं तिला, तरी
त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली,
कट्ट्यात एखादी बिडी कमी भरावी
आणि मोजूनही कुठली ते कळू नये, तशी.
मग अंगठा उमटवला.

रात्री घरी, शेंगाचटणीची बरणी उघडता उघडता
मी शारदेला सांगितलं,
लातूरला बदली देतायत, बढतीवर. घेऊ का?
इतक्या वर्षांत असं विचारून
पुढचं वाक्य मीच म्हणत आलोय:
तुझी हरकत नसेलच म्हणा.
ते जिभेवर आलं होतं.
चटणीबरोबर गिळलं. ठसका लागला.
तिनं पाणी दिलं. बोलली नाही.
विळीवर अर्धी चिरलेली दोडकी.
ती खिडकीतून
समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होती.
इतकी वर्षं ती अशी बघते तेव्हा
काय काय चाललेलं असतं,
आणि मी कितीदा मध्येच बोललो असेन,
याचा हिशेब
कुठल्या खात्यात निघेल?

कुकरची चौथी शिट्टी झाली.
ती अजून विचार करतेय.
मी उठून
गॅस बारीक केला.